दीपगृह डावीकडे हवं

लिटल बॉदर या गावाच्या नावाचा अर्थ 'किरकोळ त्रास' असा होतो. न्यूफाउंडलंडच्या किनाऱ्यावर याहून वाईट नावांची गावं आहेत, त्यामुळे इथले लोक आपल्या नावावर समाधानी होते. या गावात ड्रुसिला टिझर्ड राहायची. लिनोलियमच्या तुकड्यावर चित्र कोरायचं, त्यावर रुळाने शाई फिरवायची, वर कागद ठेवायचा आणि आईच्या कपडे पिळायच्या यंत्रातून सगळं दाबून काढायचं, हा तिचा धंदा. या यंत्रातून एके काळी टिझर्ड घराण्याच्या लोकरी चड्ड्या निघत. आता हिमनग, देवमासे आणि बोटी निघत. यंत्राला फरक कळत नसावा, कारण ते दोन्ही वेळा सारखंच कण्हायचं.

पण ड्रूचं नाव झालं ते चित्रांपेक्षा भांडणांमुळे. राजधानीतल्या एका बँकेने तिचं चित्र संडासाकडे जायच्या वाटेवर उलटं टांगलं, तेव्हा ती स्वतःचा हातोडा, स्वतःचा खिळा आणि स्वतःच्या नावाची पट्टी घेऊन बँकेत गेली, चित्र सुलटं करून आली, आणि वर मॅनेजरला चहा करायला लावला. एका बिस्किटवाल्याने तिच्या देवमाशाच्या डोक्यावर टोपी रंगवून तो डब्यावर छापला. ड्रू त्याच्या कचेरीत लोकरी टोपी घालून बसली आणि म्हणाली की देवमाशाची उतरली की माझी उतरेल. कचेरीत हीटर जोरात चालू होता. तिला घाम फुटला, पण बिस्किटवाल्याला जास्त फुटला.

पुढे तिने चित्रकार, लाकूड कोरणारे, गोणपाटावर गालिचे करणाऱ्या म्हाताऱ्या, सगळ्यांची संघटना बांधली. चित्र घ्या पण कुणाचं ते सांगा, लोकांना दाखवा पण दाखवल्याचा मोबदला द्या, आणि रेषेला हात लावू नका, एवढंच मागणं. सभेत लांबलचक बोलायची वेळ आली की ती ते कोळ्यांच्या भाषेत आटपून टाकायची. "मासा ज्याने धरला, त्याच्या होडीत. शेपटीसकट." यावर कुणाला काही बोलता यायचं नाही, कारण ते ऐकणाऱ्यांपैकी निम्म्यांचे बाप कोळी होते आणि उरलेल्यांना शेपटीचा संबंध कळलेला नसायचा.

अशा बाईच्या हातून एक चूक झाली होती.

लिटल बॉदरच्या मागे चर्चची टेकडी आहे. तिथे समुद्राकडे तोंड करून उभं राहिलं की मध्ये धक्का आणि एफी स्नूकचं दुकान दिसतं, उजव्या टोकावर लाकडी दीपगृह, आणि डाव्या टोकावर लिअँडर पार्डी यांचा संडास. बाकीची घरं पांढरी आणि एकसारखी, उलटी काय नि सुलटी काय. ड्रूने एकदा या बंदराचं चित्र काढून कोरायला घेतलं. आता छापायच्या कामात सगळं उलटं असतं, म्हणून कागद लिनोवर पालथा चिकटवायचा, म्हणजे छापल्यावर चित्र सुलटं येतं. हे ड्रूला झोपेतही माहीत होतं. पण त्या दिवशी तिचा भाऊ सेल्बी स्वयंपाकघरात बसून, आपण समुद्रात बुडता बुडता कसे वाचलो, ही गोष्ट सांगत होता. ती गोष्ट तो अशी सांगतो की ऐकणाऱ्याला वाटावं, बुडाला असता तर लवकर संपली असती. त्या नादात ड्रूने कागद सरळ चिकटवला. यंत्राने कण्हून छाप बाहेर काढला, तेव्हा दीपगृह डावीकडे होतं आणि संडास उजवीकडे.

गंमत अशी की दुकानावरची पाटी मात्र नीट वाचता येत होती. अक्षरं कोरायची म्हणजे उलटीच कोरायची, ही सवय हाताला इतकी जडली होती की डोकं भावाच्या बुडण्यात असतानाही हाताने 'एफी स्नूक, किराणा व भुसार' हे इमानेइतबारे उलटं कोरलं होतं. सगळं जग फिरलं, एफी तेवढी जागेवर राहिली.

छाप मात्र देखणा उतरला. इतका, की ड्रूने तो फेकला नाही. कुणी विचारलंच तर चित्र बोटीतून पाहिलंय, असं ती सांगायची. बोटीतून पाहिलं तर दीपगृह खरंच डावीकडे दिसतं. चित्रात मागे हिमनग होता, म्हणजे ही बोट चर्चच्या टेकडीवर उभी असायला हवी होती. पण एवढ्या खोलात कुणी गेलं नाही.

हे चित्र गावाने पर्यटकांच्या माहितीपत्रावर छापायला मागितलं. ड्रूने दिलं, अट नेहमीचीच: खाली नाव आणि रेषेला हात लावायचा नाही. माहितीपत्र फेरीबोटीवर वाटलं जाऊ लागलं, पर्यटक येऊ लागले, आणि दीपगृह बघायला म्हणून सरळ डाव्या टोकाकडे चालू लागले. उन्हाळाभर बंदरावर धुकं असतं, त्यामुळे समोरचं खरं दीपगृह बिचारं दिसायचं नाही. आणि दिसलं तरी माणूस डोळ्यांपेक्षा छापील कागदावर जास्त भरवसा ठेवतो. लिअँडरकाका सकाळी वर्तमानपत्र घेऊन आपल्या संडासात निवांत बसलेले असत आणि बाहेरून कुणीतरी दार वाजवून विचारी, वर चढायला जिना आहे का.

गावात नात्याचा असो नसो, म्हाताऱ्या माणसाला काका आणि म्हातारीला मावशी म्हणतात, आणि लिअँडर हे सगळ्या गावाचे काका होते. त्यांच्या घरात चांगला फरशीचा, पाण्याचा संडास होता. पण तिथून समुद्र दिसत नाही, म्हणून ते टोकावरच्या लाकडी खोक्यातच जायचे. पर्यटकांचा प्रश्न सुटावा म्हणून त्यांनी त्या खोक्याला दीपगृहासारखे तांबडे-पांढरे पट्टे मारले. त्याने प्रश्न वाढला.

एका दुपारी ड्रूच्या दारावर टकटक झाली. लिटल बॉदरमध्ये दार कुणी वाजवत नाही, आत येऊन किटली चढवतात. टकटक म्हणजे एक तर परका माणूस, नाहीतर वाईट बातमी. दारात सेल्बी उभा होता, गळ्यात गावचा महापौर म्हणून मिळालेली साखळी. ही साखळी तो फक्त ख्रिसमसला आणि भांडणाला घालायचा.

"ये की रे आत. स्वतःच्याच घराचं दार वाजवतोस?"

"मी कामावर आहे, ड्रू."

मग तो आत आला, किटली चढवली, आणि कामावरचं सगळं सांगितलं. गावाच्या वेशीवर मोठा फलक लागायचा होता. राजधानीतून सल्लागार बाई आली होती. तिने ड्रूचं चित्र संगणकावर घातलं, एक बटण दाबलं, आणि चित्र उलटं झालं, म्हणजे सुलटं झालं. दीपगृह उजवीकडे, संडास डावीकडे. इतकी वर्षं जे जमलं नाही ते एका बटणात. सेल्बीने गुंडाळलेला कागद टेबलावर उलगडला आणि खाली दाखवलं, तुझं नावही ठेवलंय.

ड्रूने पाहिलं. चित्र अगदी बरोबर होतं, आणि तिचं नव्हतं. तिच्या छापात लाट डावीकडून येऊन धक्क्यावर आपटते, ही उजवीकडून येऊन नुसती टेकत होती. आणि मधोमध, दुकानाच्या पाटीवर, एफी स्नूक उलटी झाली होती.

"हे काढ," ती म्हणाली.

सेल्बीने समजावून पाहिलं. चूक तूच केलीस, आम्ही ती फुकट दुरुस्त करतोय, यात चिडायचं काय? ड्रूला हेच तर सांगता येत नव्हतं. बँक, बिस्किटवाला, सगळ्यांना तिने ठणकावलं होतं की रेषेला हात लावायचा नाही. उद्या तिच्याच गावाने, तिच्याच भावाने चित्र उलटवलं, तर संघटनेतली गालिचेवाली म्हातारी कुणाच्या जोरावर कुणाशी भांडणार? टोपीवाला बिस्किटवाला तर ताबडतोब देवमाशाला मफलर घालेल. आपलेच दात, आपलेच ओठ. आणि भांडायचं म्हटलं तर आधी सगळ्या गावासमोर कबूल करावं लागणार की ती बोट कधी नव्हतीच.

"सभेत बोलीन," ती म्हणाली.

"सभा गुरुवारी आहे," सेल्बी म्हणाला. "बिस्किटं तूच आणायचीस. तुझी पाळी आहे."

गुरुवारी चर्चच्या सभागृहात सगळं गाव जमलं. एरवी एवढी गर्दी फक्त अंत्यविधीला व्हायची, आणि तिथेही बिस्किटं असतात म्हणून. सेल्बीने फलकाचा कागद भिंतीवर लावला. एफी स्नूक उठली, चष्मा लावून जवळ गेली, डोकं एका बाजूला वाकवून, मग दुसऱ्या बाजूला वाकवून वाचलं, आणि सेल्बीला विचारलं की मी तुझं काय घोडं मारलंय. सेल्बी म्हणाला, अक्षरं संगणकावर सुलटी करता येतील. एफी म्हणाली, चाळीस पिढ्यांत स्नूक घराण्याला कुणी उलटं केलेलं नाही. चाळीस पिढ्यांपूर्वी तिथे फक्त कॉड मासे राहत होते, पण एफीला हिशेब विचारायची गावात प्रथा नव्हती.

लिअँडरकाका म्हणाले, मला कुणाचीच बाजू घ्यायची नाही, मला फक्त सकाळी अर्धा तास निवांतपणा हवा.

मग ड्रू उठली. बोलायचं ठरवून आली होती ते सगळं विसरली आणि आधी अवघड तेच तोंडातून निघालं.

"ते चित्र मी बोटीतून काढलेलं नाही. कागद चिकटवताना चुकले."

सभागृहात एकदम शांतता पसरायला हवी होती. पसरली नाही. कुणीतरी बिस्किट कुरकुरत होतं.

"अगं ते माहितीये की आम्हाला," एफी म्हणाली. "पहिल्याच दिवशी कळलं. कुणी बोललं नाही, एवढंच."

"तोंडावर," सेल्बीने दुरुस्ती केली. "तुझ्या पाठीमागे दोन हिवाळे निघाले त्यावर."

ड्रूला हसू आलं आणि रागही आला, आणि दोन्ही एकदम आल्याने तिला बोलायला जोर चढला. ती म्हणाली की ठीक आहे, चूक सगळ्यांना माहीत आहे, पण चूक कुणाची आहे? माझी. मी बँकेला सांगितलं, बिस्किटवाल्याला सांगितलं, ते माझ्या शहाणपणाबद्दल नव्हतं. शहाणपण कुणीही सांभाळतं. "मासा शेपटीसकट माझा म्हणते ना मी? तर ही माझी शेपटी. ती कापून फलक लावणार असाल तर लावा, पण खालचं माझं नाव आधी काढा. आणि मग संघटनेतून माझं नाव मीच काढीन, कारण ज्या बाईचं तिचा सख्खा भाऊ ऐकत नाही, तिचं बँक काय ऐकणार?"

ती खाली बसली. सेल्बीने साखळीशी चाळा केला. त्याला आपली बहीण आवडायची. बुडण्याची गोष्ट शेवटपर्यंत ऐकणारी ती एकटीच होती. पण फेरीबोट भरून पर्यटक येत होते आणि ते संडासाचे फोटो काढून जात होते, हेही खरं होतं. चित्र बदलता येत नाही आणि ठेवताही येत नाही, असं तो म्हणाला, आणि आता काय करायचं ते ज्याला सुचेल त्याने सांगावं.

"दीपगृह हलवा की," लिअँडरकाका म्हणाले. दूध इकडे करा, अशा सुरात.

यावर कुणी हसलं नाही. लिटल बॉदरमध्ये घर हलवणं ही काही नवलाईची गोष्ट नाही. बाहेरच्या बेटांवरची गावं उठली तेव्हा लोकांनी आपली घरंच्या घरं पिंपांवर तरंगवून, होड्यांना बांधून इकडे आणली होती. एफीचं दुकान तसंच आलेलं होतं, आतल्या बरण्यांसकट. दीपगृह तर लहान, लाकडी, आणि रिकामं. खरा दिवा आता दूरच्या खडकावर लोखंडी खांबावर लागायचा. हे दीपगृह सरकारने गावाला देऊन टाकलं होतं, कारण रंगवायचा कंटाळा आला होता. लोक मान डोलवू लागले. दोरखंड कुणाकडे आहेत, पिंपं कुणाकडे आहेत, याची चर्चा सुरू झाली. कुणीतरी म्हणालं, मग संडासही पलीकडे न्यावा लागेल, नाहीतर चित्राशी जुळणार नाही. काम अर्धवट करायचं नाही, यावर एकमत झालं.

ड्रू पुन्हा उभी राहिली. तिला उभं राहायचं नव्हतं, पण पाय आपोआप सरळ झाले.

"दीपगृह बांधलं कुणी?" तिने विचारलं.

सेल्बीने कपाळ टेबलाला टेकवलं. त्याला पुढचं सगळं दिसलं. दीपगृह लिअँडरकाकांचे वडील अझारायाह पार्डी यांनी बांधलं होतं, फळीन् फळी स्वतः घासून. ड्रू म्हणाली की त्यांनी जिथे उभं केलं तिथून त्यांना न विचारता हलवायचं, म्हणजे देवमाशाला टोपी घालण्यासारखंच झालं. माझ्या चित्रासाठी दुसऱ्याचं काम हलवणार असाल तर मला ते चालणार नाही.

"ड्रू, माझे आई," सेल्बी टेबलातूनच म्हणाला. "अझारायाहआजोबा मेलेत."

"वारस बसलाय ना."

सगळ्यांनी वारसाकडे पाहिलं. वारसाने चहात बिस्किट बुडवलं, ते भिजेपर्यंत धरलं, तुटायच्या आत तोंडात घातलं. लिअँडरकाका खोटं बोलत नसत. खरं तेवढं थोडं सढळ हाताने वाढत.

"बाबाला नकाशा मिळाला होता," ते सावकाश म्हणाले. "त्याला वाचायला येत नव्हतं. तो उलटा धरून वाचला."

"म्हणजे?"

"म्हणजे दीपगृह डाव्या टोकावरच बांधायचं होतं, बदकुले." गावात लाडाने असंच म्हणतात. "बाबाने उजवीकडे बांधलं. म्हणून तर पहिली दहा वर्षं सगळ्या बोटी लागायच्या त्या आमच्या दारात. आईला वाटायचं, लोकांना तिचं जेवण आवडतं."

ड्रू हे ऐकून कोड्यात पडली. खरं असेल तर तिचं चित्र पहिल्यापासून बरोबर होतं आणि बंदर चुकलं होतं. पण तत्त्व ते तत्त्व. ती म्हणाली, मग ती चूकही त्यांचीच, शेपटीसकट त्यांची, आपण कोण ती पुसणार?

"पुसतंय कोण?" लिअँडरकाका म्हणाले. "मरताना म्हणाला होता, लिअँडर, कधी चार माणसं रिकामी सापडली तर ते तिकडे ढकला. चार माणसं रिकामी कधी सापडली नाहीत, एवढंच." मग त्यांनी आजूबाजूला पाहिलं. सगळं गाव रिकामंच बसलं होतं. "माझी एकच अट. बाबाचं नाव खाली लिहायचं. तू चित्राखाली लिहितेस ना, तसं. पेन्सिलीने."

फलकाचा कागद भिंतीवरून सेल्बीने स्वतः काढला. मागची बाजू कोरी होती, तिच्यावर पिंपांचा हिशेब मांडला गेला.

दीपगृह हललं त्या दिवशी शाळेला, मासळीच्या कारखान्याला आणि धुक्याला सुट्टी होती. सगळं गाव दोरखंडाला लागलं. लाकडी ओंडक्यांवरून घरंगळत ते पाण्यापर्यंत आलं, पिंपांवर बसलं, जरा झुकलं, आणि मग एखाद्या जाडजूड मावशीने लग्नात नाचायला उठावं तसं डुलत डुलत बंदर ओलांडू लागलं. पुढे होड्या ओढत होत्या, मागे कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं, आणि दीपगृहाच्या गच्चीत सेल्बी साखळी घालून उभा होता, कारण बुडण्याची नवी गोष्ट मिळेल अशी त्याला आशा होती. मिळाली नाही. समोरून संडास येत होता. मध्यावर दोघांची गाठ पडली, तेव्हा लिअँडरकाकांनी त्या खोक्याच्या दारातून टोपी काढून दीपगृहाला मान दिला.

ड्रू टेकडीवर छाप हातात धरून उभी होती आणि ओरडून सांगत होती. आणखी डावीकडे. तुमची नाही, माझी डावी. थोडं मागे. दाराचं तोंड लाटेकडे. खाली माणसं घामाघूम होऊन एकमेकांना विचारत होती की बाईने एक तसूभर तरी सोडलं असतं तर काय बिघडलं असतं. पण ती म्हणेल तसं हलवत होती. तिच्या लक्षात आलं की आयुष्यभर ती, चित्राला हात लावू नका, एवढंच सांगत आली, आणि आज सगळं गाव चित्राला हात न लावता जगाला हात लावत होतं. बँकेला हे सांगितलं असतं तर बँकेने पोलीस बोलावले असते.

संध्याकाळी एफीने पावाच्या पिठाचे टूटन तळले, वर काकवी ओतली. ड्रूने कानामागची पेन्सिल काढली आणि दीपगृहाच्या पायथ्याशी, डाव्या कोपऱ्यात, छापाखाली किती प्रतींपैकी कितवी ते लिहितात तसं लिहिलं: १/१. उजव्या कोपऱ्यात लिहिलं: अझारायाह पार्डी. लिअँडरकाका बराच वेळ ते वाचत उभे राहिले. मग म्हणाले, छान दिसतंय, आणि नाक पुसायला पाठ वळवली. दुसऱ्या दिवसापासून ते रोज सकाळी वर्तमानपत्र घेऊन होडीने पलीकडच्या टोकावर जाऊ लागले. तिथून समुद्र आणखी चांगला दिसतो, असं त्यांचं म्हणणं पडलं.

त्या हिवाळ्यात ड्रूने दीपगृह ओढण्याचं चित्र कोरायला घेतलं. या वेळी कोरणं संपेपर्यंत तिने सेल्बीला घरात येऊ दिलं नाही. कागद पालथा चिकटवला, पालथाच आहे ना हे पुन्हा पुन्हा पाहिलं, आरशात धरून पाहिलं. पहिला छाप काढायच्या दिवशी स्वयंपाकघरात पाय ठेवायला जागा नव्हती. लोक नुसते आले नव्हते, हातमोजे घालून आले होते. दाराबाहेर दोरखंडाची वेटोळी दिसत होती.

यंत्र कण्हलं. ड्रूने कागदाचा कोपरा धरून हळूहळू सोलला. दीपगृह बरोबर जागी होतं. संडास बरोबर जागी होता. होड्या, ओंडके, गच्चीतला सेल्बी, सगळं जिथल्या तिथे. लोकांचे चेहरे पडले.

"म्हणजे काहीच ओढायचं नाही का?" लिअँडरकाकांनी विचारलं.

लोक हातमोजे काढू लागले. एफी तेवढी चष्मा लावून पुढे आली, डोकं एका बाजूला वाकवलं, मग दुसऱ्या बाजूला वाकवलं.

चित्र पालथं चिकटवलं की पाटीवरची अक्षरं आपोआप उलटी उतरतात, आणि छापल्यावर सुलटी येतात. पण इतक्या वर्षांची सवय. ड्रूच्या हाताने अक्षरं दिसताच ती पुन्हा एकदा उलटी करून ठेवली होती. सगळं बंदर सुलटं होतं आणि मधोमध एफी स्नूक, किराणा व भुसार, उजवीकडून डावीकडे चालली होती.

ड्रूने कपाळाला हात लावला. शाई कपाळाला लागली.

"नाव घाल खाली," एफी म्हणाली. तिने चष्मा डबीत ठेवला, कोट घातला आणि दाराकडे वळली.

"अगं पण निघालीस कुठे?"

"आमच्या ह्यांना विचारायला. पाटी त्यांनी रंगवलीये. हो म्हणाले तर शिडी लागेल." ती उंबरठ्यावर थांबली. "आणि सेल्बी, तू ब्रश आण. काळा रंग माझ्याकडे आहे."